बिनठिपक्याची माशी

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांना आता राहून राहून एवढंच वाटतं, की ताई तो डबा घेऊन आली त्या सकाळी आपण घरात नसतो तर किती बरं झालं असतं. दूध आणायला गेलो असतो, केस कापायला गेलो असतो, गेलाबाजार जिन्यात कुणाशी भांडत उभे असतो तरी चाललं असतं. पण ते घरात होते. निवृत्तीपासून ते कायमच घरात असत, आणि सगळ्या अडचणींचं मूळ तिथेच आहे असं त्यांच्या बायकोचं पहिल्यापासूनचं म्हणणं आहे.

ताई ही निरीक्षकांची मोठी बहीण. तिने डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि त्यातली एक स्ट्रॉबेरी दोन बोटांनी उघडून दाखवली. वरून फळ लालबुंद, चित्रात काढावं असं. आत नुसता गाळ, आणि त्या गाळात एक बारीक पांढरी अळी अंग मुडपत होती.

"भाऊ, बाग अशी व्हायला लागलीय बघ," ताई म्हणाली. "रोपावर चांगली दिसतात. तोडून ठेवली की दुसऱ्या दिवशी बसतात. यांच्या तोंडचं पाणी पळालंय."

'हे' म्हणजे दाजी. बाग दाजींची होती, आणि ती नुसती बाग नव्हती. दाजींनी आयुष्यात बरंच काही करून पाहिलं होतं. मेणबत्त्यांचा कारखाना काढला, तर साचे वाकडे निघाले. कोंबड्या पाळल्या, तर त्या शेजारच्या अंगणात जाऊन अंडी घालू लागल्या. टायपिंगचा वर्ग काढला तो नेमका जग टायपिंग विसरत होतं तेव्हा. शहराबाहेरच्या तुकड्यावरची ही स्ट्रॉबेरी म्हणजे दाजींच्या हातून रुजलेली, वाढलेली आणि लाल झालेली पहिली गोष्ट. बेकरीवाल्याने सगळा माल आपणच उचलणार म्हणून शब्द दिला होता. पहिला बहर ऐन भरात आला होता, आणि तो गेला असता तर दाजी पुन्हा काही लावतील असं ताईलासुद्धा वाटत नव्हतं.

निरीक्षकांचं दाजींविषयी वाईट मत नव्हतं. "दाजी मनाने फार चांगले," असं ते नेहमी म्हणत. फक्त 'मनाने' या शब्दावर जरा जास्त जोर पडायचा.

ताई आधी पीकसंरक्षण कार्यालयात जाऊन आली होती. तिथे तिला सांगण्यात आलं, की ही फळमाशीची करणी. पण फळमाश्या दोन जातींच्या असू शकतात आणि दिसायला त्या सख्ख्या बहिणी. तेच लाल डोळे, तेच पिवळट अंग, पोटावर तेच काळे पट्टे. एक जात साधी, ती सडक्या फळावरच येते. बाग स्वच्छ ठेवली, खाली पडलेली फळं उचलली की तिचा बंदोबस्त झाला. दुसरी जात दुष्ट. तिची मादी रोपावरच्या धडधाकट फळाला चीर पाडून आत अंडी घालते. ती आली असेल तर पिकू लागलेलं प्रत्येक फळ तोडून पिशव्यांत बंद करायचं आणि बागेवर बारीक जाळी चढवायची, तीसुद्धा ताबडतोब. ओळख एवढीच, की दुष्ट जातीच्या नराच्या दोन्ही पंखांवर टोकाशी एकेक काळा ठिपका असतो, आणि मादीच्या मागच्या टोकाला करवतीसारखं दातेरी हत्यार. नमुना ठेवून जा, निकाल यथावकाश कळवू.

'यथावकाश' म्हणजे किती हे निरीक्षकांना पक्कं ठाऊक होतं. नोकरीभर तो शब्द त्यांनीच वापरला होता.

"कशाला त्यांच्या पाया पडायचं?" ते म्हणाले. "लिटरच्या मापात चमचाभर खोट असली तरी मी दुकानाच्या पायरीवरून ओळखायचो. माशी ती काय!"

"मापं उडत नव्हती," बायको आतून म्हणाली.

तिकडे दुर्लक्ष करून निरीक्षकांनी फळं एका रुंद काचेच्या बरणीत घातली, तोंडावर मलमलचा तुकडा बांधला, आणि बरणी दिवाणखान्यात रेडिओवर ठेवली. आता अळ्यांचे कोष व्हायचे, कोषांतून माश्या निघायच्या, की लगेच निवाडा. ताई निघताना जिन्यात थांबून म्हणाली, "भाऊ, तू बघतोयस म्हटल्यावर मला घोर नाही." हे वाक्य निरीक्षकांना तेव्हा फार गोड लागलं होतं.

पुढचे दिवस घरात वासाचे गेले. पाहुणे रेडिओकडे तोंड करून बसेनात. वरच्या मजल्यावरचे वकील रोज खाली येऊन बरणीभोवती एक फेरी मारत आणि सल्ला देऊन जात. हे प्राणी पाळणं या सदरात मोडतं का ते बघून घ्या, असं त्यांनी एकदा सुचवलं. बरणी फुटून माश्या कुणाच्या घरात गेल्या तर जबाबदारी कुणाची, असं दुसऱ्या दिवशी विचारलं. मोठ्यांदा बोलू नका, अळ्या दचकतील, असंही एकदा म्हणाले, पण ते बहुधा थट्टेने असावं. समोरच्या रक्त तपासणीच्या लॅबवाल्या बाईंनी मात्र जुना सूक्ष्मदर्शक काही न विचारता दिला. "पुसून वापरा," एवढंच त्या म्हणाल्या. "त्याच्याखाली मी लोकांचं काय काय बघितलंय ते तुम्हाला ठाऊक आहे." निरीक्षकांनी तो तीनदा पुसला आणि मग स्वतःचे हातही धुतले.

आणि एका सकाळी बरणीत माश्या दिसल्या. नुकत्याच कोषातून निघालेल्या, ओलसर, फिकट, काचेवर अडखळत चालणाऱ्या.

इथे निरीक्षकांच्या नोकरीतलं एक तत्त्व सांगायला हवं, कारण सगळा घात त्याने केला. निरीक्षकांच्या मते नमुना सापडला रे सापडला की जागच्या जागी ताब्यात घ्यायचा. 'साहेब, पाच मिनिटं थांबा, चहा घ्या' असं जो दुकानदार म्हणतो तो त्या पाच मिनिटांत तराजूखालचं मेण खरवडतो. सबंध नोकरीत त्यांनी कुणाला पाच मिनिटं दिली नव्हती, आणि त्या जोरावर त्यांचा त्या भागात चांगलाच दरारा होता. तोच नियम त्यांनी माश्यांना लावला. स्पिरिटची बाटली तयार होती. बाहेर आलेली माशी लगोलग बाटलीत.

"अहो, जरा बाळसं तरी धरू दे त्यांना," बायको म्हणाली. "किती फिक्या दिसतायत."

"फिक्या म्हणजे साध्या जातीच्या," निरीक्षक म्हणाले.

तेवढ्यात वकील आले. पुरावा नीट जपला जातोय की नाही हे बघण्याच्या निमित्ताने त्यांनी मलमलचा तुकडा उचलला, आणि चार-दोन माश्या त्यांच्या नाकाखालून पसार झाल्या. "फरारी," असं म्हणून वकील स्वतःच हसले. निरीक्षकांना हसू आलं नाही.

मग तपासणी सुरू झाली. सूक्ष्मदर्शकाखाली माशी मांजराएवढी दिसते आणि तिच्या अंगावर केस असतात हे पाहून निरीक्षक आधी जरा मागेच सरकले. पण ते नेटाने बसले. आधी नर कोण, मादी कोण हे लावायचं. नराचं मागचं टोक बोथट आणि गडद, मादीचं निमुळतं. नर वेगळे काढून त्यांनी एकेकाचे पंख सुईने पसरले. पंख स्वच्छ, काचेसारखे. ठिपका नाही. दुसरा, ठिपका नाही. तिसरा, ठिपका नाही.

राहिल्या माद्या. त्यांची करवत बघायची तर भिंग नेमकं कुठे रोखायचं हे लक्षात आल्यावर निरीक्षकांचे कान गरम झाले. दाराशी वकील उभे, बायको समोर भाजी निवडतेय, आणि आपण साठी उलटल्यावर माशीच्या बाईमाणसाचं मागचं टोक भिंगातून न्याहाळतोय, हे त्यांच्या प्रतिष्ठेला झेपेना.

"मी बघते हवं तर," बायको म्हणाली.

"नमुना एकाच अधिकाऱ्याने तपासायचा असतो," असं म्हणून त्यांनी माद्या होत्या तशा बाटलीत परत टाकल्या. नरांची साक्ष पुरेशी होती.

"निकाल लागला," त्यांनी जाहीर केलं. "साधी माशी. सडक्या फळावर येणारी."

बायको भाजी निवडायची थांबली. "पण ताई तर म्हणाल्या, फळं रोपावरून ताजी तोडलेली होती."

"ताजी असं दाजी म्हणतात," निरीक्षक म्हणाले.

हे वाक्य त्यांना आता आठवतं तेव्हा ते जागच्या जागी कूस बदलतात. खुर्चीत असले तरी बदलतात. समोर धडधडीत पुरावा होता, की चांगल्या फळातून माश्या निघाल्या. त्यांनी माशीवर विश्वास ठेवला आणि माणसावर ठेवला नाही. कारण माशीची ओळख नवीन होती, आणि दाजींना ते कोंबड्यांपासून ओळखत होते.

ताईला त्यांनी लगेच फोन केला. माशी साधी आहे, जाळी नको, फळं तोडायला नकोत. बागेत कुठेतरी सडकं फळ राहतंय. "राग मानू नकोस ताई, पण दाजींना म्हणावं, जरा लक्ष द्या. साफसफाई नीट होत नसणार."

ताईने राग मानला, पण त्यांचा नाही. ती तशीच बागेत गेली आणि तोडणीच्या बायकांसमोर दाजींना वाट्टेल ते बोलली. तुमच्या हाताला कधी यश येणारच नाही, असंही बोलली. हे निरीक्षकांना नंतर कळलं.

दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी, निरीक्षक दाढी करत होते. अर्धा गाल झाला होता. आरशाखालच्या फळीवर एक माशी येऊन बसली. त्यांनी हात उगारला आणि तो तसाच राहिला. माशीचे पंख पाठीवर मिटलेले होते आणि दोन्ही पंखांच्या टोकाशी एकेक काळा ठिपका होता. शाईने दिल्यासारखा.

त्यांनी दाढीचा पेला तिच्यावर पालथा घातला आणि अर्ध्या गालाने पलंगावर जाऊन बसले.

त्याच वेळी फोन उचलायला हवा होता. पण प्रतिष्ठा म्हणून जी चीज असते ती अशा वेळी माणसाच्या आधी बोलायला लागते. ही माशी आपल्या बरणीतली कशावरून? आपल्या सगळ्या नरांचे पंख कोरे होते, आपण डोळ्यांनी पाहिलेत. ही बाहेरून आली. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून. बहुधा वकिलांच्या.

रविवारी ते वकिलांकडे गेले आणि फळांची परडी बघू का, असं विचारलं.

"झडतीचं वॉरंट आहे?" वकिलांनी विचारलं.

वॉरंट नव्हतं. त्यांनी परडी पाहिली. त्यात दोन केळी आणि वकिलांच्या बायकोचा हरवलेला कंगवा होता. कंगवा सापडल्याचा आनंद त्या घरात झाला, पण माशीचा तपास लागला नाही. मग त्यांनी खालच्या मजल्यावर चौकशी केली, तेव्हा इमारतीत अशी बातमी पसरली की निवृत्तीनंतर निरीक्षकांचं काही खरं नाही.

त्या संध्याकाळी ताईचाच फोन आला. "भाऊ, तू बोललास ते फार बरं झालं. हे पार बदललेत रे. उजाडायच्या आत बागेत जातात. ओणवे होऊन एकेक रोप तपासतात, पान उलटून बघतात. दुपारचं झोपत नाहीत. एक शब्द बोलत नाहीत."

पेला न्हाणीघरात तसाच पालथा होता. निरीक्षकांच्या जिभेवर शब्द आले होते. "चांगलं आहे," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. बायकोने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ती काही बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

सोमवारी ते बाटली, पेला आणि पेल्याखाली सरकवलेला पुठ्ठा हातात धरून पीकसंरक्षण कार्यालयात गेले. खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "फळ आहे की माशी?" फळ असेल तर फळबाग शाखा, माशी असेल तर कीटक शाखा.

"माशी. फळातून निघालेली."

"मग आधी फळबाग शाखेचा शेरा आणा."

फळबाग शाखेने सांगितलं की आमच्याकडे फळ लागतं. कीटक शाखेने सांगितलं की जिवंत माशी आत आणता येत नाही आणि मेलेली चालते, पण ती तुम्ही मारलेली नको. निरीक्षक बाकावर बसले. टेबलांमागचे सगळे डावपेच त्यांना तोंडपाठ होते. बाकावरून ते कसे दिसतात हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आपल्या टेबलासमोरच्या बाकावर लोक असेच बसायचे, एवढं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी पेला मांडीवर नीट धरला. साडेपाचला शिपायाने दिवे घालवले.

मंगळवारी कीटक शाखेच्या शास्त्रज्ञ बाई भेटल्या. त्यांनी पेल्यातली माशी एका नजरेत ओळखली. "दुष्ट जातच. नर आहे. कुठे मिळाला?"

"शनिवारी, घरातल्या आरशाखाली. आला कुठून ते ठाऊक नाही. आमच्या बरणीतले नर कोरे होते," निरीक्षक म्हणाले आणि बाटली पुढे केली.

बाईंनी बाटली उजेडात धरली. "फार फिक्या आहेत. बाहेर आल्यावर किती वेळाने मारल्यात?"

"तत्काळ," निरीक्षक म्हणाले. सवयीने जरा ताठ होऊन म्हणाले.

"अहो, मग ठिपका दिसणार कसा? तो जन्मतः नसतो. अंग वाळायला हवं, रंग चढायला हवा, मग उमटतो. एखाद-दोन दिवस जगू द्यायच्या होत्यात. ही तुमच्याच बरणीतून सुटलेली असणार." मग बाईंनी विचारलं, "आणि माद्या? मादीची करवत तर पहिल्या तासापासून असते."

"माद्या पाहिल्या नाहीत."

"का?"

 बाईंनी बाटलीतून एक मादी काढली, भिंगाखाली ठेवली आणि त्यांना बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं. मागच्या टोकाला करवत होती. एकेक दात मोजून घ्यावा इतकी स्पष्ट. ती पहिल्या सकाळपासून त्यांच्या घरात, त्यांच्या बाटलीत होती.

"बाग कुणाची?" बाईंनी विचारलं. "शनिवारी जाळी चढली असती तरी बरीच वाचली असती. आता या उन्हात... बघा, जेवढं तोडता येईल तेवढं तोडा."

बुधवारी निरीक्षक पहिल्या बसने बागेत पोचले. वाटेत त्यांनी बोलायची वाक्यं जुळवली होती. शास्त्रातली गुंतागुंत, नमुन्याची मर्यादा, दोन जातींमधलं विलक्षण साम्य. बागेच्या फाटकातून आत शिरल्यावर आंबूस वास आला आणि सगळी वाक्यं गेली.

दाजी वाफ्यात ओणवे होते. निरीक्षकांना बघून ते उठले, गुडघ्यांची माती झटकली. त्यांच्या नाकावर नवा कोरा चष्मा होता. दाजींना चष्मा लागल्याचं निरीक्षकांना ठाऊक नव्हतं.

"दाजी, माझं चुकलं," निरीक्षक म्हणाले. "माशी दुसरी आहे. चांगल्या फळाला चीर पाडणारी. तुम्ही काही सडकं ठेवलेलं नव्हतं. तुमचा काही दोष नव्हता."

 दाजींच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून निरीक्षक वाट बघत होते. पण तो चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे माझे डोळे चांगले आहेत?" दाजी म्हणाले. "अहो भाऊसाहेब, मी किती दिवस शोधतोय! सडकं फळ कुठे राहतंय ते दिसेचना. म्हटलं, आपली नजर गेली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, नजर ठणठणीत आहे. मी म्हटलं, असं कसं होईल? आमच्या भाऊसाहेबांनी स्वतः भिंगातून बघितलंय. राहतंय म्हणजे राहतंय. मग दिला त्यांनी आपला बारीकसा नंबर काढून." आणि पलीकडच्या वाफ्यात उभ्या असलेल्या ताईला त्यांनी हाक मारली, "अगं, ऐकलंस का? माझे डोळे चांगले आहेत!"

ताई आली. तिने सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याच्या नाकावरच्या चष्म्याकडे ती बराच वेळ बघत होती. मग तिने एकच विचारलं. "तुला कधी कळलं, भाऊ?"

"शनिवारी," निरीक्षक म्हणाले.

ताईचा चेहरा निरीक्षकांना बघवला नाही. रविवारच्या फोनवर आपण काय बोललो होतो हे दोघांनाही आठवत होतं.

"अगं, खात्री करून घ्यायला वेळ लागतोच की," दाजी घाईघाईने म्हणाले. "घाईने काहीतरी सांगून चालतं का? माणसाने नीट बघूनच बोलावं."

दाजींनी हे थट्टेने म्हटलं असतं तर निरीक्षकांनी ते आनंदाने सोसलं असतं. पण दाजींना थट्टा येत नव्हती. ते मनाने चांगले होते, आणि निरीक्षकांना या वेळी त्या शब्दावर जोर देता येईना.

ताईने पिशव्यांचा गठ्ठा सोडला, एक पिशवी नवऱ्याला दिली, एक भावाला. तिघंही वाफ्यांत उतरले. लाल, अर्धी लाल, जी रंगावर आली होती ती सगळी फळं तोडायची होती. निरीक्षक बाहीला डोळे पुसत तोडत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी मागे वळून पाहिलं, तर दाजी त्यांनी तोडून झालेल्या रांगेतून पुन्हा एकदा येत होते. ओणवे होऊन, चष्मा नाकावर सावरत, एकेक पान उलटून बघत होते.

"दाजी, चष्मा काढा आता," निरीक्षक म्हणाले. "तो लागत नाही तुम्हाला."

"असू दे हो," दाजी म्हणाले. "चुकून एखादं राहायला नको."